जळगाव-धुळ्याच्या उन्हात कमी खर्चात परसबाग कशी टिकवायची?

पावसाळ्यात हौसेने आणलेली रोपं दिवाळीपर्यंत छान वाढतात. जानेवारीत टोमॅटो लागतात, मेथीची एखादी जुडी घरचीच निघते. मग मार्च उजाडतो, एप्रिलमध्ये पानं करपायला लागतात आणि मे संपेपर्यंत गच्चीवर सुकलेल्या काड्या आणि कोरडी ठणठणीत माती उरते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवी रोपं, नव्या कुंड्या, नवा खर्च.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या अनेक घरांमध्ये बागेची ही गोष्ट दरवर्षी घडते. त्यामुळे 'आपल्याकडे काही जगत नाही' असा समजही पक्का होतो. प्रत्यक्षात खान्देशात भाज्या उत्तम येतात. हिवाळ्यात तर इथलं हवामान भाजीपाल्यासाठी फारच चांगलं असतं. खरी परीक्षा उन्हाळ्याचे तीन महिने निभावण्याची असते. ते निभावण्यासाठी महागड्या कुंड्या किंवा खतं लागत नाहीत. लागतो तो पाण्याचा हिशेब, थोडी सावली आणि योग्य वेळ.

खान्देशात झाडं उन्हाळ्यात का जळतात?

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत पारा अनेकदा ४२ अंशांच्या वर जातो. काही वर्षी तो ४५ अंशांच्याही पुढे गेला आहे. त्यातच हवा कोरडी असते आणि दुपारी गरम वारा सुटतो. अशा हवेत पानांमधून पाणी इतक्या झपाट्याने उडतं की, मुळांना तेवढ्या वेगाने ते पुरवता येत नाही. माती ओली असतानाही दुपारी पानं माना टाकतात ती यामुळेच.

जमिनीत लावलेल्या झाडाची मुळं खाली थंड मातीत जाऊ शकतात. कुंडीतल्या झाडाला ती सोय नसते. गच्चीवरची फरशी तापते, काळ्या प्लास्टिकची कुंडी तापते आणि आतली मुळं अक्षरशः भाजून निघतात. म्हणूनच कुंडीतल्या झाडाला फक्त जास्त पाणी घालून भागत नाही. मुळं थंड ठेवणं हे इथलं अर्धं काम आहे.

आधी पाणी मोजा, मग कुंड्या

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठाने 'फड' नावाची सिंचनाची पद्धत काही शतकं चालत आली आहे. नदीवर बंधारा बांधायचा, पाटाने पाणी शेतापर्यंत न्यायचं आणि गावाची जमीन काही भागांमध्ये, म्हणजे फडांमध्ये वाटून घ्यायची. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे गावाने मिळून ठरवायचं. पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड भिजवायचाच नाही, असाही निर्णय होत असे. थोडक्यात, आधी पाणी किती आहे ते पाहायचं आणि मग किती पेरायचं ते ठरवायचं.

घरच्या बागेलाही हाच नियम लावता येतो. भाज्या, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी एक आठवडा बादलीत साठवून मोजा. समजा, रोज १२ लिटर पाणी मिळतं. २० लिटरच्या बादलीत लावलेल्या वांग्याला किंवा टोमॅटोला हिवाळ्यात रोज साधारण अर्धा ते एक लिटर पाणी पुरतं. कडक उन्हाळ्यात तेच प्रमाण दीड ते दोन लिटरपर्यंत जातं. म्हणजे १२ लिटरमध्ये डिसेंबरात १२ बादल्या सहज भिजतील, पण मे महिन्यात सहा ते आठच.

म्हणून बागेचा आकार मे महिन्याच्या हिशेबाने ठरवा. हिवाळ्यात जास्त कुंड्या लावायला हरकत नाही, पण त्यात मेथी, पालक, कोथिंबीर अशी लवकर निघणारी पिकं घ्या. फेब्रुवारीअखेर ती काढून झाली की कुंड्या रिकाम्या ठेवता येतात. उन्हाळ्यात सहा झाडं नीट जगवणं हे वीस झाडं अर्धमेली ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

कोणतं पाणी चालतं, कोणतं नाही?

नळाला रोज पाणी येत नाही अशा घरांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

- तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी: सर्वांत चांगलं. त्याच दिवशी वापरा, साठवलं की वास येतो.
- एसीतून ठिबकणारं पाणी: हवेतल्या बाष्पाचं ते पाणी होतं, त्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. झाडांना चालतं.
- कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी: इथे सावध राहा. कूलरमधलं पाणी उडत जातं आणि क्षार मागे उरतात. दिवसेंदिवस तेच पाणी वापरलं असेल तर ते खारट झालेलं असतं. कुंडीत घालू नका.
- आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी: यातही क्षार जास्त असतात. साध्या पाण्यात मिसळून, अधूनमधून वापरा. मातीवर पांढरा थर दिसायला लागला तर थांबवा. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवल्या की बरेच क्षार धुऊन जातात.
- कपडे-भांड्यांचं साबणाचं पाणी: पालेभाज्यांना आणि कुंड्यांना नको. अंगणात जमिनीत लावलेली केळ, कर्दळ यांना सौम्य साबणाचं पाणी चालून जातं.

पावसाच्या पाण्याचा हिशेब तर तोंडी करता येतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर वर्षभरात ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते ६,००० लिटर होतं. सगळं साठवणं शक्य नसतं, पण पन्हाळीखाली एक झाकणाचा ड्रम ठेवला तरी पावसाच्या उघडिपीत उपयोगी पडतो.

कुंड्यांवर पैसे का घालवू नयेत?

रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, फुटके टब, फळांचे क्रेट, सिमेंटच्या किंवा धान्याच्या गोण्या हे सगळं बागेसाठी चालतं. रंगाची बादली आधी स्वच्छ धुऊन, खरवडून, उन्हात वाळवून घ्या. तळाला चार-पाच भोकं पाडा. कीटकनाशकांचे किंवा रसायनांचे डबे मात्र कधीही वापरू नका.

पालेभाज्यांना सहा-आठ इंच खोली पुरते. मिरचीला १० ते १५ लिटरची, वांगी-टोमॅटोला किमान २० लिटरची बादली लागते. भांडं जितकं मोठं, तितकी माती उशिरा तापते आणि उशिरा सुकते. म्हणून खान्देशात दहा छोट्या कुंड्यांपेक्षा चार मोठी भांडी कामाची.

उन्हाळा लागण्याआधी बादल्यांना बाहेरून चुना मारला तर ऊन परावर्तित होतं. बादल्या थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा आणि एकमेकांना चिकटवून ठेवा. बाहेरच्या रांगेची सावली आतल्या रांगेवर पडते.

माती कशी तयार करायची?

तापीच्या खोऱ्यातली काळी माती सुपीक आहे, पण ती एकटी कुंडीत भरली की पावसात चिखल होतो आणि उन्हात तिला भेगा पडतात. तिला भुसभुशीत करावं लागतं. साधारण चार वाटे माती, तीन वाटे कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि तीन वाटे हलका पालापाचोळा, असं मिश्रण चांगलं चालतं. हलक्या भागासाठी कोकोपीट विकत आणायलाच हवं असं नाही. भुईमुगाची टरफलं, सुकलेला पाला, रसवंतीवरचं उसाचं चिपाड हे इथे सहज मिळतं. चिपाड आधी महिनाभर कुजवून घेतलेलं बरं.

केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांकडे आणखी एक गोष्ट जवळपास फुकट असते. घड कापल्यावर उरणारं केळीचं खोड पाण्याने आणि पालाशाने भरलेलं असतं. त्याचे बारीक तुकडे कंपोस्टमध्ये टाकले तर ओलावाही टिकतो आणि खतही चांगलं होतं.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायला भोकं पाडलेली एक जुनी बादली पुरते. एक थर ओला कचरा, त्यावर दुप्पट सुका पाला आणि मूठभर माती, असं भरत जा. वास आला तर सुका पाला कमी पडला असं समजा. काहीच कुजत नसेल तर पाणी शिंपडा. खान्देशात उन्हाळ्यात दुसरी अडचणच जास्त येते. दीड-दोन महिन्यांत, थंडीत त्याहून थोड्या उशिरा, काळसर आणि मातीचा वास येणारं खत तयार होतं.

संक्रांतीची सुगडं आणि आखाजीची घागर

कमी पाण्यात मुळांपर्यंत ओलावा पोहोचवण्याची एक फार जुनी युक्ती म्हणजे मातीचं मडकं पुरणं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणात तिचा उल्लेख सापडतो. मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि तोंडावर झाकण ठेवायचं. बाजूची माती सुकली की ती मडक्याच्या छिद्रांमधून पाणी ओढून घेते. माती ओली असेल तर पाणी आतच राहतं. वरून घातलेलं पाणी उन्हाने उडून जातं, हे पाणी मात्र थेट मुळांपाशी जातं.

खान्देशातल्या घरांमध्ये यासाठी भांडी असतातच. संक्रांतीनंतर उरलेली सुगडं बादलीत पुरायला अगदी मापाची आहेत आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर मोकळी होतात. अंगणातल्या मोठ्या वाफ्यासाठी घागर किंवा छोटा माठ घ्या. आखाजीला बाजारात घागरी येतात, तेव्हा एखादी जास्त घेता येते. तीन-चार लिटरच्या मडक्याभोवती दोन-तीन झाडं जगतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. भांड्याला रंग किंवा चकाकीचा लेप नसावा. आणि ज्या जुन्या माठात पाणी गार होत नाही, तो या कामाला फारसा उपयोगी नाही. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. आतून-बाहेरून काथ्याने घासून पाहा, पाझर सुरू झाला तरच पुरा.

घरच्या बागेला ठिबक बसवता येतं का?

जळगाव हे ठिबक सिंचनाचं मोठं केंद्र आहे. जैन इरिगेशन ही कंपनी इथलीच आणि जिल्ह्यातल्या केळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर ठिबकवर आहेत. त्यामुळे नळ्या, तोट्या, जोड असं सुटं सामान इथल्या कृषी दुकानांमध्ये सहज मिळतं. शेतातून काढलेल्या जुन्या नळ्या अनेकदा भंगारात जातात. ओळखीच्या शेतकऱ्याकडे विचारून पाहायला हरकत नाही.

घरासाठी एक ड्रम तीन-चार फूट उंच ओट्यावर ठेवायचा, खाली तोटी बसवायची आणि तिथून नळी कुंड्यांवरून फिरवायची. एवढ्या कमी दाबावर तोटीवर लिहिलेल्या मापाइतकं पाणी पडत नाही आणि शेवटच्या कुंडीला कमी मिळतं. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक तोटीखाली वाटी ठेवून अर्ध्या तासात किती पाणी जमतं ते पाहा आणि त्यावरून वेळ ठरवा. आठ-दहा कुंड्यांपेक्षा कमी असतील तर ठिबकच्या भानगडीत न पडता सुगडंच वापरा.

कधी काय लावायचं?

बाग सुरू करण्याची योग्य वेळ दोनदा येते. एक जून-जुलैमध्ये आणि दुसरी दसऱ्याच्या आसपास. मार्चमध्ये नवी बाग सुरू करणं म्हणजे पैसे उन्हात टाकणं.

- जून-जुलै: मृग नक्षत्राचा पाऊस चांगला झाला की भेंडी, गवार, चवळी, गिलके, दोडके, कारले, पोकळा पेरा. वांगी-मिरचीची रोपं करायला टाका. दसरा-दिवाळीच्या झेंडूचीही हीच वेळ. अंगणात जागा असेल तर शेवग्याची तीन-चार फुटांची जाड फांदी रोवा. वेलांसाठी तुरीच्या काड्यांचा मांडव फुकटात होतो. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र साठवून ठेवू नका, त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहू शकते.
- सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, लसूण, कांदापात, टोमॅटो. खान्देशातला हा सर्वांत चांगला हंगाम. मेथी-कोथिंबीर एकदम न पेरता दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा, म्हणजे घरात सतत मिळत राहते. कोथिंबिरीसाठी स्वयंपाकघरातले धणे फोडून वापरले तरी चालतात.
- फेब्रुवारी: उन्हाळ्यासाठी भेंडी, गवार, पोकळा आताच पेरा. ऊन वाढेपर्यंत मुळं धरलेली असली पाहिजेत.
- मार्च ते मे: नवीन काही लावू नका. कढीपत्ता, मिरची, गवती चहा, पुदिना, अळू जगवा. टोमॅटोला कडक उन्हात फूल लागलं तरी गळतं. तो खत-पाण्याचा दोष नसतो.

सावली आणि आच्छादन: पैसे खर्च करायचेच असतील तर इथे

मार्चच्या मध्यापर्यंत गच्चीवर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधून घ्या. नीट बांधली तर ती काही उन्हाळे टिकते. बांबूंना बांधताना पश्चिमेची बाजू खालपर्यंत झाका, कारण दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं. जाळी शक्य नसेल तर जुनी सुती साडी किंवा गोणपाटही चालतं, फक्त हवा खेळती राहिली पाहिजे.

मातीवर दोन-तीन इंच सुका पाला, चिपाड किंवा टरफलांचा थर द्या. खोडाला तो चिकटू देऊ नका. या थराने माती थंड राहते आणि पाण्याची फेरी कमी लागते. पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर घाला. दुपारी माना टाकलेलं झाड संध्याकाळी पुन्हा सावरलं, तर त्याला पाणी कमी पडलेलं नसतं. बोट दोन इंच मातीत घालून पाहा आणि मगच पाणी द्या.

भरिताचं वांगं घरी येतं का?

येतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोठं, फिकट हिरवं, पातळ सालीचं आणि कमी बियांचं हे वांगं म्हटलं की असोदा, भादली, बामणोद या गावांची नावं निघतात. असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. चंपाषष्ठीनंतर खान्देशात भरिताच्या पार्ट्या रंगतात, तेव्हा तुमच्या झाडाला वांगी हवी असतील तर रोपं जूनअखेर-जुलैत तयार करायला हवीत. झाड मोठं होतं, त्यामुळे २५-३० लिटरचं भांडं आणि काठीचा आधार द्या.

एकदा चांगलं झाड मिळालं की त्यावरचं एक उत्तम वांगं तोडू नका. ते पिवळं पडून पूर्ण पिकू द्या, मग गर पाण्यात कुस्करा, तळाशी बसलेलं बी धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत मिसळून डबीत ठेवा. पुढच्या वर्षीचं बियाणं फुकट झालं. मूळ बी संकरित वाणाचं असेल तर मात्र पुढच्या पिढीत तसंच वांगं येईल याची खात्री नसते. म्हणून देशी वाणाचं बी शेतकऱ्याकडून मिळवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं असंच घरोघरी जपून मोठी बियाणे बँक उभी केली. त्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली.

कीड लागली तर?

मे ते जुलैदरम्यान कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून वाळवून ठेवा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कापडाने गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. मावा, पांढरी माशी यांच्यावर सुरुवातीलाच वापरलं तर उपयोग होतो. वांग्याचा शेंडा मलूल होऊन वाकला तर आत अळी असते. तो शेंडा कापून नष्ट करा. पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून काढा.

गच्चीवर बाग करताना काय जपावं?

ओल्या मातीने भरलेली २० लिटरची बादली जवळपास ३० किलोची होते. म्हणून वजन गच्चीच्या मध्यभागी न ठेवता भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेत ठेवा. जुन्या घराला आधीच गळती असेल तर दुरुस्तीआधी बाग नको. कुंडीखालच्या बशा, ड्रम, पुरलेली मडकी यांत डासांची पैदास होते. मडकी आणि ड्रम झाकून ठेवा, बशा आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या करा. डेंगीचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतात.

मदत कुठे मिळते?

जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल इथे, तर धुळ्यात कृषी महाविद्यालयाच्या परिसरात कृषी विज्ञान केंद्र आहे. रोपं, बियाणं, माती यांबद्दल तिथे विचारता येतं. पावसाळ्यात वन विभागाच्या रोपवाटिकांमध्ये झाडांची रोपं बाजारापेक्षा स्वस्त मिळतात. गावांमध्ये 'उमेद' अभियानाच्या बचत गटांमार्फत पोषण परसबागेची मोहीम राबवली जाते. त्यात गोलाकार बागेचा आराखडा शिकवतात. मधोमध केळी-पपई आणि भोवती सात वाफे, म्हणजे आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाला एक भाजी.

पहिल्या वर्षी मात्र एवढं सगळं करायची गरज नाही. चार बादल्या, एक कढीपत्ता, दोन मिरच्या, एक वांगं आणि मातीत पुरलेली चार सुगडं. मे महिना संपताना यातली तीन जरी हिरवी राहिली, तर पुढच्या जूनमध्ये आणखी चार बादल्या वाढवा.